डोंगरात नांदणारा देश : पापुआ न्यू गिनीविषयी वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात या सदरात पापुआ न्यू गिनीच्या नकाशासोबत एक छोटे टिपण दिले होते. या बेटावरील देशातील दर पाच माणसांपैकी सुमारे दोन माणसे समुद्रकिनाऱ्यापासून दूर, दीड हजार मीटर किंवा त्याहून अधिक उंचीवरच्या दऱ्यांत राहतात, असे त्यात म्हटले होते. त्या एका वाक्यावर इतकी पत्रे आली की या वेळचे सदर त्यांनाच द्यायचे ठरवले. काही पत्रांतील प्रश्न सारखेच होते, त्यामुळे ते एकत्र केले आहेत.

प्रश्न : डोंगराळ भागात लोकवस्ती विरळ आणि मैदानात दाट, असे आम्ही मुलांना वर्षानुवर्षे शिकवत आलो. या देशात हे उलटे कसे झाले? (भूगोल शिक्षिका, सांगली)

उत्तर : आपण शिकवता ते चुकीचे नाही, मात्र तो नियम आपल्या अक्षांशांतल्या गंगेच्या किंवा गोदावरीच्या खोऱ्यासारख्या मैदानांवरून बनला आहे. विषुववृत्ताच्या जवळ गेलो की उंचीचा अर्थ बदलतो. तिथे डोंगर चढणे म्हणजे उष्ण, दमट आणि रोगट हवेतून सौम्य हवेत जाणे.

ग्रीनलँडनंतर जगातले सर्वांत मोठे बेट म्हणजे न्यू गिनी. त्याचा पूर्वेकडचा अर्धा भाग आणि लहानमोठी सुमारे सहाशे बेटे मिळून हा देश होतो. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ४,६२,८४० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या दीडपट आहे. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या ७३ लाखांच्या घरात होती आणि आता ती एक कोटीच्या आसपास आहे. मुख्य बेटाच्या मधोमध पूर्व-पश्चिम पसरलेला पर्वतांचा कणा आहे. त्यातले सर्वोच्च शिखर, माउंट विल्हेल्म, ४,५०९ मीटर उंच आहे. हा कणा म्हणजे सह्याद्रीसारखी एकच भिंत नव्हे. अनेक रांगा एकमेकींना बिलगून उभ्या आहेत आणि त्यांच्यामध्ये वाघी, असारो, तारी यांसारख्या रुंद, सपाट तळाच्या दऱ्या आहेत. खरी वस्ती या दऱ्यांत आहे.

किनाऱ्यावरून निघून वर चढत गेल्याची कल्पना करा. आधी खारफुटी आणि दलदल लागते. मग घनदाट पर्जन्यवन येते. साधारण सहाशे ते बाराशे मीटरच्या पट्ट्यात उतार तीव्र, ढग सतत टेकलेले, पाऊस अखंड आणि जोडीला हिवतापही असतो, म्हणून तिथे वस्ती जवळजवळ नाहीच. तो पट्टा ओलांडून वर आलो की अचानक जंगल मागे सरते आणि गवताळ उतार, आखीव मळे, कुंपणे, धुराच्या रेषा दिसू लागतात. हिवतापाच्या परजीवीला डासाच्या शरीरात वाढण्यासाठी ऊब लागते. तापमान १६ ते १८ अंशांच्या खाली गेले की त्याची वाढ खुंटते. त्यामुळे साधारण सोळाशे मीटरच्या वर हा रोग क्वचितच टिकतो. ज्या काळात औषध नव्हते, त्या काळात केवळ या एका कारणाने वरच्या दऱ्यांत अधिक मुले जगली असतील. त्यात अनेक दऱ्यांमधील माती ज्वालामुखीच्या राखेने समृद्ध झालेली आहे आणि पाऊस वर्षभर बऱ्यापैकी विभागून पडतो.

तिसरे कारण रताळे. तिथे त्याला ‘कौकौ’ म्हणतात. हे पीक मूळचे दक्षिण अमेरिकेतले. न्यू गिनीच्या डोंगरात ते पोहोचून चारेकशे वर्षेच झाली असावीत. त्याआधीचे मुख्य पीक अळू होते, पण अळूला थंडी सोसत नाही आणि कसदार, ओलसर जमीनही लागते. रताळे मात्र हलक्या जमिनीत आणि पार २,७०० मीटरपर्यंत येते. शिवाय त्यावर डुकरेही पोसता येतात. डुकरांची संख्या म्हणजे तिथल्या घराण्याची पत. लग्न, मृत्यू, भांडण मिटवणे यांपैकी कोणतेही काम डुकरांच्या देवाणघेवाणीवाचून होत नाही. रताळ्याने वस्ती आणखी वर चढवली आणि दऱ्या आणखी दाट केल्या.

प्रश्न : मागच्या टिपणात आपण या लोकांना ‘१९३० पर्यंत अश्मयुगात राहिलेले’ म्हटले आहे. हा शब्दप्रयोग योग्य आहे का? (वाचक, पुणे)

उत्तर : योग्य नाही, आणि तो माझ्या हातून जायला नको होता. त्यांची अवजारे दगडाची होती एवढेच खरे आहे. ‘अश्मयुग’ म्हटले की इतिहास थांबलेला समाज डोळ्यांसमोर येतो आणि तिथेच वाचकाची दिशाभूल होते.

माउंट हेगन गावाजवळ वाघी दरीत कुक नावाची एक पाणथळ जागा आहे. १९७० च्या दशकापासून पुरातत्त्वज्ञ जॅक गोल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे उत्खनन केले. मातीच्या थरांत त्यांना माणसांनी खोदलेले चर, खुंट्यांची भोके, लागवडीसाठी उंच केलेले वाफे सापडले. किमान सात हजार वर्षांपूर्वी, आणि काही खुणांवरून त्याच्याही आधी, लोक तिथे पाण्याचा निचरा करून अळू, केळी आणि कोनफळाच्या जातीचे कंद लावत होते. जगात शेती ज्या मोजक्या ठिकाणी स्वतंत्रपणे सुरू झाली, त्यांत या दरीची गणना होते. २००८ मध्ये युनेस्कोने कुकला जागतिक वारसा स्थळाचा दर्जा दिला. मेसोपोटेमियाचे नाव आपल्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात येते. त्याच परिच्छेदात कुकला एक ओळ मिळायला हवी, असे मला मनापासून वाटते.

१९३० मध्ये घडले ते असे. मायकेल लीही आणि मायकेल ड्वायर हे सोने शोधणारे दोन ऑस्ट्रेलियन आपल्या हमालांसह पूर्वेकडच्या रांगा चढून गेले. पुढे निर्जन डोंगर असतील अशी त्यांची समजूत होती. एका कड्यावरून त्यांना गवताळ दरी दिसली आणि रात्र झाल्यावर त्या दरीत असंख्य ठिकाणी शेकोट्या लुकलुकताना दिसल्या. १९३३ मध्ये लीही बंधू आणि सरकारी अधिकारी जिम टेलर हे आधी विमानातून पाहणी करून मग पायी वाघी दरीत उतरले, तेव्हा लाखो माणसांचा एक प्रदेश बाहेरच्या जगाला ठाऊक झाला. दरीतल्या लोकांनाही बाहेरचे जग तेव्हाच कळले. आलेले गोरे म्हणजे परत आलेले पूर्वज असावेत, असे अनेकांना वाटले. किनाऱ्यावर मात्र १५४५ मध्ये स्पॅनिश दर्यावर्दी ऑर्टिझ दे रेतेस याने बेटाला ‘न्यू गिनी’ हे नाव देऊन टाकले होते. म्हणजे नाव ठेवून पावणेचारशे वर्षे उलटली, तरी बेटाच्या सर्वांत दाट वस्तीची बाहेर कोणाला वार्ता नव्हती.

प्रश्न : तिथल्या डोंगरांवर समुद्रातले प्रवाळ सापडतात, असे वाचले. ते वर कसे गेले? (इयत्ता नववीतील विद्यार्थी, चिपळूण)

उत्तर : प्रवाळ वर चढले नाहीत, ज्या तळावर ते वाढले, तो तळच उचलला गेला. ऑस्ट्रेलियाचा भूपट्ट वर्षाला सुमारे सात सेंटीमीटर वेगाने उत्तरेकडे सरकतो आहे आणि प्रशांत महासागराचा भूपट्ट पश्चिमेकडे. या दोहोंच्या मधल्या चेंगराचेंगरीत न्यू गिनीचे डोंगर उभे राहिले आणि अजूनही उभे राहत आहेत. चुन्याचा जो खडक उथळ समुद्रात साचला होता, तो आता डोंगरांच्या अंगाखांद्यावर आहे आणि त्यात सागरी जीवांचे अवशेष दिसतात.

हे सर्वांत स्पष्ट पाहायचे असेल तर बेटाच्या ईशान्येला ह्युऑन द्वीपकल्पाकडे पाहावे. तिथे समुद्रकाठापासून वरपर्यंत प्रवाळांच्या पायऱ्या आहेत, एखाद्या राक्षसी घाटाच्या पायऱ्यांसारख्या. प्रत्येक पायरी म्हणजे एके काळचा समुद्रकिनारा. जमीन दर हजार वर्षांना काही मीटर उचलली जात होती आणि हिमयुगांमुळे समुद्राची पातळीही वरखाली होत होती. दोन्हींचा मेळ जमला की एक नवी पायरी तयार होई. याच पायऱ्यांवर चाळीस हजार वर्षांहून जुन्या दगडी कुऱ्हाडी सापडल्या आहेत. त्या काळी समुद्र खाली होता आणि न्यू गिनी ऑस्ट्रेलियाशी जमिनीने जोडलेली होती. आपला सह्याद्री ज्या बेसॉल्टचा आहे, तो साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. त्याच्या तुलनेत हे डोंगर अगदी कोवळे आहेत. चिपळूणला कातळ पाहत वाढलेल्या तुझ्यासारख्या मुलाला हा फरक चटकन समजेल.

प्रश्न : ऊस मूळचा न्यू गिनीचा, असे एका शेतकरी मेळाव्यात ऐकले. आपल्याकडे तर उसाचा उल्लेख वेदकाळापासून आहे. खरे काय? (ऊस उत्पादक, शिरोळ)

उत्तर : दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि एकमेकींना छेद देत नाहीत. जाड, मऊ, रसाळ कांडीचा जो ऊस, ज्याचे शास्त्रीय नाव सॅकॅरम ऑफिसिनॅरम, तो न्यू गिनीतील लोकांनी तिथल्या रानटी उसातून निवडत निवडत घडवला. काही हजार वर्षांपूर्वी तो माणसांच्या होड्यांतून पश्चिमेकडे आशियात आणि पूर्वेकडे प्रशांत महासागरातील बेटांवर गेला. भारतात येताना वाटेत त्याचा इथल्या बारीक, काटक रानटी जातीशी संकर झाला आणि त्यातून उत्तर भारतातले जुने बारीक ऊस तयार झाले. रसापासून गूळ आणि साखर करण्याचे शास्त्र मात्र आपले. न्यू गिनीच्या लोकांनी ऊस चघळण्यासाठीच लावला.

आपल्या शेतापर्यंत ही ओळ अशी येते. कोइमतूरच्या ऊस पैदास संस्थेची स्थापना १९१२ मध्ये झाली. बार्बर आणि वेंकटरामन यांनी तिथे जाड ऊस आणि रानटी सॅकॅरम स्पॉन्टेनियम यांचा संकर करून ‘को २०५’ हे वाण तयार केले. तेव्हापासूनच्या ‘को’ वाणांत हे दोन्ही रक्त आहे. आपण लावत असलेल्या ‘को ८६०३२’ ची गोडी आणि जाडी न्यू गिनीकडची. रोगाशी आणि ताणाशी झुंजण्याची ताकद रानटी बाजूची. आपण सरीत टिपरी दाबता, तेव्हा त्या डोंगरी माळ्यांच्या निवडीचा एक अंश आपल्या हातात असतो.

तिथल्या परसात आजही ऊस असतोच. वाढला की त्याला काठीचा आधार देऊन उभा बांधतात. त्याचाच एक भाऊबंद ‘पिटपिट’. त्याचा न उमललेला तुरा भाजून किंवा शिजवून भाजी म्हणून खातात. आपल्याकडे उसाला तुरा आला की शेतकऱ्याचा चेहरा उतरतो, तिथे या जातीचा तुरा हेच पीक. रामू नदीच्या खोऱ्यात १९८० च्या सुमारास साखर कारखाना उभा राहिला, तेव्हा उसाच्या या माहेरी उसाचे शत्रूही पिढ्यान्‌पिढ्या नांदत असल्याचे उमगले. खोडकिडे आणि ‘रामू खुजा’ या रोगाने त्या दशकात पिकाची मोठी हानी केली आणि वाणे बदलावी लागली.

प्रश्न : एवढ्याशा देशात आठशेहून अधिक भाषा असण्याचे कारण डोंगरच ना? आणि मग सरकार चालते कोणत्या भाषेत? (वाचक, नागपूर)

उत्तर : ‘प्रत्येक दरी वेगळी, म्हणून प्रत्येक दरीची भाषा वेगळी’ हे उत्तर सगळीकडे वाचायला मिळते, आणि मीही ते अनेक वर्षे खरे मानत होतो. नकाशावर भाषा मांडून पाहिल्या की ते डगमगते. डोंगराळ मध्यभागातल्या भाषा या देशातल्या मोठ्या भाषा आहेत. एंगा, हुली, मेल्पा, कुमान या भाषा बोलणारे हजारांनी नव्हे तर लाखांच्या हिशेबात आहेत. सर्वांत लहान आणि सर्वांत दाटीने असलेल्या भाषा सापडतात त्या सेपिक आणि रामू नद्यांच्या सखल, दलदलीच्या खोऱ्यांत आणि उत्तर किनाऱ्यावर. तिथे एखाद्या गावाची भाषा काही शे माणसांपुरती असते आणि होडीने तासाभरावर दुसरी भाषा सुरू होते.

म्हणून डोंगर हे एक कारण झाले, सगळे नव्हे. चाळीस-पन्नास हजार वर्षांची सलग वस्ती, वर्षभर पिकणाऱ्या मळ्यांमुळे दूरच्या बाजारावर पोट अवलंबून नसणे, कोणतेही मोठे राज्य न उभे राहणे आणि स्वतःची भाषा शेजाऱ्यापासून जाणूनबुजून वेगळी राखण्याची हौस, हे सगळे त्यात आहे. तिथले लोक शेजाऱ्यांच्या दोनतीन भाषा सहज बोलत, त्यामुळे एकच भाषा सर्वांवर लादण्याची गरज पडली नाही.

भाषांची एकूण संख्या ८४० च्या आसपास धरतात. इंग्रजी, टोक पिसिन, हिरी मोतू आणि २०१५ पासून खुणांची भाषा यांना अधिकृत मान्यता आहे. व्यवहारात देशाला बांधते ती टोक पिसिन. मळ्यांवर आणि जहाजांवर काम करणाऱ्या मजुरांच्या तोंडी ती जन्मली; शब्द बरेचसे इंग्रजीतून घेतलेले, पण व्याकरणाचा बाज तिथल्या भाषांचा. ‘हाउस सिक’ म्हणजे रुग्णालय. ‘ग्रास बिलोंग हेड’ म्हणजे डोक्यावरचे केस. आणि ‘वानटोक’, म्हणजे एका बोलीचा माणूस. हा शेवटचा शब्द समजला नाही तर हा देश समजत नाही. शहरात नोकरीला लागलेल्याच्या घरी गावाकडचा वानटोक येऊन महिनोन्‌महिने राहिला तरी त्याला ‘जा’ म्हणायचे नसते. निवडणुकीत मत आणि संकटात आसरा, दोन्ही वानटोकलाच. सरकारी पैसा वानटोकांतच वाटला जातो, ही तक्रार तिथल्या वृत्तपत्रांत नेहमीची आहे. पण निवृत्तिवेतन किंवा विमा ज्यांच्यापर्यंत पोहोचला नाही, अशा माणसांचा तोच एक विमा आहे, हेही तितकेच खरे.

प्रश्न : राजधानी पोर्ट मोर्सबी अन्य मोठ्या शहरांशी रस्त्याने जोडलेलीच नाही, हे अजब वाटते. आपल्याकडे बोरघाटात दीडशे वर्षांपूर्वी रेल्वे चढली. तिथे अडचण नेमकी काय? (निवृत्त बांधकाम अभियंता, नाशिक)

उत्तर : पोर्ट मोर्सबी दक्षिण किनाऱ्यावर आहे, दाट वस्ती मध्यावर आहे आणि मध्ये ओवेन स्टॅन्ली पर्वतरांग. राजधानी तिथे वसली ती उत्तम बंदरामुळे आणि वसाहतींच्या वाटणीमुळे: १८८४ मध्ये उत्तर भाग जर्मनीने आणि दक्षिण भाग ब्रिटनने घेतला, पुढे दोन्ही ऑस्ट्रेलियाकडे आले आणि १६ सप्टेंबर १९७५ रोजी देश स्वतंत्र झाला. डोंगरातल्या माणसांचा विचार या वाटणीत नव्हताच, कारण ती माणसे आहेत हेच तेव्हा ठाऊक नव्हते. पर्वतरांग आणि वाऱ्यांची दिशा यांमुळे राजधानीत वर्षाला जेमतेम ११०० मिलिमीटर पाऊस पडतो, तर पश्चिमेकडच्या स्टार पर्वतातल्या ताबुबिलला सात-आठ मीटर. एकाच देशात एवढे अंतर.

आपण अभियंता आहात, म्हणून भूरचना सांगतो. बोरघाटात आपल्याला कठीण बेसॉल्ट मिळाला. तो फोडायला जड, पण फोडला की उभा राहतो. न्यू गिनीचे उतार कोवळ्या, चुरगळलेल्या, पाण्याने भिजलेल्या खडकांचे आहेत आणि खाली भूकंप आहेत. लाए बंदरातून निघून कसाम आणि दौलो खिंडींमार्गे गोरोका, माउंट हेगन आणि पुढे जाणारा हायलँड्स महामार्ग हा देशाचा एकमेव खरा कणा, आणि तोही दर पावसाळ्यात कुठे ना कुठे तुटतो. तो तुटला की वरच्या गावांत तांदूळ आणि इंधन महागते आणि खालच्या बंदरात कॉफी अडकते. २०१८ च्या फेब्रुवारीत हेला प्रांतात ७.५ तीव्रतेचा भूकंप झाला, तेव्हा डोंगरांचे उतार शेकडो ठिकाणी सोलून निघाले. २४ मे २०२४ च्या पहाटे एंगा प्रांतात यांबाली येथे अर्धा डोंगर झोपलेल्या वस्तीवर आला. माळीणची आठवण असलेल्या आपल्याला त्याचे वर्णन करून सांगायला नको.

भर म्हणून जमिनीचा प्रश्न. देशातली सुमारे ९७ टक्के जमीन कुळांच्या, म्हणजे भावकीसारख्या गटांच्या, परंपरागत मालकीची आहे; सातबाऱ्यावर एका माणसाचे नाव असते तशी नाही. रस्त्याच्या प्रत्येक टप्प्यावर नव्या कुळाशी बोलणी करावी लागतात. मला व्यक्तिशः ही अडचण वाटत नाही. याच व्यवस्थेमुळे तिथे भूमिहीन शेतमजुरांचा वर्ग उभा राहिला नाही.

रस्ता नव्हता म्हणून विमान आले. बुलोलो खोऱ्यात सोन्यासाठी नदीचा गाळ उपसणारी प्रचंड यंत्रे हवी होती. १९३१-३२ मध्ये ती सुटी करून युंकर्स विमानांनी डोंगरापलीकडे नेली आणि तिथे जोडली. पायवाटेने आठ दिवस लागणारा तो प्रवास विमानाने तासाभरात होई. अनेक खेड्यांनी बैलगाडी कधी पाहिली नाही, पण विमान पाहिले. आजही कित्येक गावांची धावपट्टी म्हणजे उतारावरचा गवताचा पट्टा: विमान चढावर उतरते आणि उतारावरून उडते.

प्रश्न : ज्वालामुखींच्या शेजारी लोक राहतातच का? (वाचक, अकोला)

उत्तर : राखेची माती पिकते म्हणून. धोका कळला आणि वेळेवर हालचाल झाली, तर माणसे वाचतातही. लॅमिंग्टन हा पर्वत ज्वालामुखी आहे याची तिथल्या लोकांना किंवा अधिकाऱ्यांना कल्पना नव्हती. २१ जानेवारी १९५१ रोजी तो फुटला आणि सुमारे तीन हजार माणसे गेली. याउलट न्यू ब्रिटन बेटावरच्या राबाऊलमध्ये वेधशाळा होती, १९३७ च्या उद्रेकाची आठवण होती आणि सरावही झालेला होता. १९ सप्टेंबर १९९४ रोजी शहराच्या दोन बाजूंचे ताव्हुर्व्हुर आणि व्हल्कन हे दोन्ही ज्वालामुखी एकाच दिवशी फुटले. आदल्या रात्री जमीन हादरत राहिल्यामुळे लोक आधीच बाहेर पडले होते. भिजलेल्या राखेच्या ओझ्याने घरांची छपरे बसली, शहर गाडले गेले, पण मृतांची संख्या एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच राहिली. प्रांताची राजधानी नंतर कोकोपोला हलवली.

डोंगरी लोकांच्या कथांमध्ये एका ‘काळोखाच्या काळा’चे वर्णन येते: दिवसा अंधार झाला, आकाशातून माती पडली, घरे दबली. लाँग बेटाच्या सतराव्या शतकातल्या उद्रेकाची राख दऱ्यांच्या मातीत एका पातळ थराच्या रूपाने सापडते आणि कथांचा प्रदेश त्या राखेच्या प्रदेशाशी जुळतो. तोंडी परंपरेने तीनशेहून अधिक वर्षे एक घटना जपली.

प्रश्न : माउंट विल्हेल्म सामान्य गिर्यारोहकाला चढता येतो का? (गिर्यारोहण संस्थेचा सदस्य, ठाणे)

उत्तर : येतो. सिंबू प्रांतातल्या केगसुगल गावातून पिंदाउंदे तलावांपर्यंत जाऊन मुक्काम करतात आणि मध्यरात्री शिखराकडे निघतात. दोर लागत नाही; उंचीची सवय आणि स्थानिक वाटाड्या हवा. दुपारी ढग येतातच, म्हणून सूर्योदय गाठावा.

प्रश्न : माझे पणजोबा सिंगापूरला कैद झाले आणि ‘गिनी’त वारले, असे घरात सांगतात. भारतीय सैनिक तिथे कसे पोहोचले? (वाचक, सातारा)

उत्तर : १९४२ मध्ये सिंगापूर पडल्यावर जपानी सैन्याच्या हाती आलेल्या भारतीय सैनिकांपैकी काही हजारांना १९४३ मध्ये जहाजांतून न्यू गिनी आणि न्यू ब्रिटनच्या किनाऱ्यांवर मजुरीसाठी नेले. वर सांगितलेला हिवतापाचा, दलदलीचा, सतत पावसाचा सखल पट्टा तो हाच. उपासमार आणि रोगांनी त्यातले अनेक परतले नाहीत. लाए येथील युद्ध स्मशानभूमीत भारतीय सैनिकांच्या कबरी आणि स्मारके आहेत. राष्ट्रकुल युद्ध समाधी आयोगाच्या नोंदी सर्वांना पाहता येतात. पणजोबांची पलटण आणि क्रमांक घरातल्या जुन्या कागदांत मिळाला, तर शोध सोपा होईल.

प्रश्न : विषुववृत्ताजवळच्या या देशात पिकावर दहीवर गोठते, असे वाचून नवल वाटले. आम्ही द्राक्षबागेत रात्री शेकोट्या पेटवतो; ते काय करतात? (द्राक्ष बागायतदार, निफाड)

उत्तर : साधारण २,२०० मीटरच्या वरच्या दऱ्यांत निरभ्र, कोरड्या रात्री पारा शून्यावर येतो. एल निनोच्या वर्षी पाऊस थांबतो, ढगांचे पांघरूण जाते आणि अशा रात्री एकामागून एक येतात. १९९७ मध्ये दुष्काळ आणि दहीवर दोन्ही एकत्र आले आणि वरच्या दऱ्यांतली रताळ्याची वेल एका रात्रीत काळी पडली. ऑस्ट्रेलियाच्या विमानांनी दुर्गम गावांत अन्न पोहोचवले. २०१५ मध्ये पुन्हा तसेच घडले.

शेकोट्या नाहीत, पण उपाय आहे, आणि तो बारकाईने पाहण्यासारखा आहे. एंगा प्रांतात रताळी सरीवर नव्हे, तर मातीच्या गोल ढिगाऱ्यांवर लावतात. एकेक ढीग तीनएक मीटर रुंद आणि कमरेपर्यंत उंच. बाई आधी मातीचे कडे करते आणि मधल्या खळग्यात जुन्या वेली, उपटलेले गवत आणि पालापाचोळा टाकते. तो काही दिवस कुजू लागला की वरून माती ओढून ढीग बंद करते. आतला पाला कुजताना ऊब देतो आणि पुढे खत होतो. मग वेलीचे तुकडे ढिगाच्या वरच्या भागात खोचायचे, पायथ्याशी नाही, कारण थंड हवा जड असते आणि पाण्यासारखी खाली वाहून चरांत साचते. आपल्या बागेतही सखल कोपऱ्यातल्या वेली आधी जळतात, तेच इथे. काढणीही सगळी एकदम नसते: ढिगात हात घालून मोठे रताळे चाचपून काढायचे आणि बारके वाढायला ठेवायचे. ते जाते ‘बिलुम’ या पिशवीत. एकाच अखंड दोऱ्याची, गाठ न मारता वळे गुंफत विणलेली ही पिशवी बायका कपाळाला अडकवून पाठीवर वाहतात; कधी तिच्यात रताळी असतात, कधी सरपण, कधी झोपलेले मूल.

एवढे करूनही दहीवराने घेतलेच, तर शेवटचा उपाय चालणे हा आहे. वरच्या दरीतली घराणी आपल्या मुली खालच्या दऱ्यांत देतात आणि तिथल्या सुना आणतात. पीक गेले की डुकरे हाकत, बिलुम कपाळाला लावून, सगळे कुटुंब एकदोन दिवसांची वाट उतरून त्या नातलगांकडे जाते. तिथे त्यांना कसायला जमिनीचा तुकडा मिळतो. वरची माती पुन्हा धरली की, कधी वर्षाने, कधी दोन वर्षांनी, ती माणसे परत चढतात. येताना खालच्या मळ्यातून रताळ्याच्या वेलीचे बेणे ओल्या पानांत गुंडाळून आणतात.